चॉकलेटचे मोदक : साचा कोणता घ्यावा आणि त्यातून ते अखंड सुटावेत कसे?

रानजाई
नमस्कार मंडळी. सोसायटीच्या गणपतीत यंदा पाचव्या दिवशीच्या आरतीचा प्रसाद आमच्या विंगकडे आलाय. बच्चेकंपनीने चॉकलेटच्या मोदकांचा हट्ट धरला आणि मीही आनंदाने हो म्हटलं. विकतचे आणायचे नाहीत, घरीच करायचे, हे नक्की. एकूण १५१ लागतील.

पेढ्यांच्या मोदकांचा बिजागरीवाला साचा घरात आहे. शिवाय क्रॉफर्ड मार्केटात चक्कर मारली तेव्हा आणखी तीन तऱ्हा दिसल्या: मऊ सिलिकॉनचे, पातळ पारदर्शक प्लास्टिकचे आणि जाड, जड, काचेसारखे दिसणारे पॉलिकार्बोनेटचे. किमतीत बराच फरक आहे. दुकानदार म्हणाला, सगळ्यात होतं. मला ते पटलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

साचा कोणता घेऊ? त्याला तूप-तेल लावायचं का? कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसरं वनस्पतिजन्य स्निग्ध घातलेलं चॉकलेट) वापरू की खरं चॉकलेट? आणि आत गुलकंद भरता येईल का? ठाण्यात भाद्रपदातली हवा कशी असते ते सगळ्यांना ठाऊक आहेच. ज्यांनी केलेत त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

शेवंती
अगं, इतकं टेन्शन घेऊ नकोस. मोर्डे कंपनीची डार्क कंपाउंडची स्लॅब आण, सुरीने बारीक चीर, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून वितळव, सिलिकॉनच्या साच्यात ओत आणि फ्रिजमध्ये ठेव. पंधरा-वीस मिनिटांनी खालून अंगठ्याने दाबलं की मोदक टुणकन बाहेर. साच्याला मी तुपाचा अगदी पुसट हात लावते. आमच्याकडे दर गणपतीत होतात, पोरं ताटाभोवतीच असतात.

वेलदोडा
शेवंतीकाकूंची पद्धत कंपाउंडसाठी बरोबर आहे, एक तुपाची गोष्ट सोडून. चॉकलेटच्या साच्याला तूप, तेल, लोणी काहीही लावू नये. चॉकलेट साच्याच्या भिंतीची हुबेहूब नक्कल करतं. भिंत आरशासारखी असेल तर मोदक आरशासारखा, भिंतीवर तुपाचे ओघळ असतील तर मोदकावर ओघळ. शिवाय तूप वरच्या थरात मिसळतं, तो थर मऊ पडतो आणि हात लावताच बोटाचा ठसा उमटतो.

चॉकलेट साच्यातून सुटतं ते आकसल्यामुळे. ते नीट गोठलं की किंचित लहान होतं, भिंतीपासून वेगळं होतं आणि आपोआप निसटतं. नीट गोठलं नाही तर तुपात बुडवलेला साचाही उपयोगाचा नाही.

रानजाई, तुझ्या बिजागरीच्या साच्यात पातळ चॉकलेट ओतू नकोस, सांध्यातून गळेल. तो साचा दाबून भरायच्या मिश्रणासाठी आहे. मावा परतून त्यात वितळलेलं चॉकलेट घालून गोळा केलास तर त्यात सुरेख मोदक होतील, आणि तिथे तुपाचा हात लावायलाही हरकत नाही. पण तो चॉकलेटच्या चवीचा मावा मोदक झाला. तुला कोणता करायचाय ते आधी ठरव.

शेवंती
वेलदोडा, म्हणजे माझ्या मोदकांवर मंद पांढुरकी झाक असते ती तुपामुळे? मला वाटायचं सिलिकॉनच तसं असतं.

वेलदोडा
काकू, दोन्ही. सिलिकॉनचा पृष्ठभाग बहुतेक वेळा मॅट असतो, म्हणून त्यातलं चॉकलेटही मॅटच निघतं. तूप न लावता एकदा करून बघा, निम्मा फरक तिथेच दिसेल. साचा फक्त कोरडा ठणठणीत हवा आणि कापसाने पुसलेला.

मुठाकाठ
आकसण्याचा मुद्दा आला आहे तर त्यामागचं कारण सांगतो. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि हे उदाहरण वर्गात नेहमी देतो.

खऱ्या चॉकलेटमधला स्निग्ध पदार्थ म्हणजे कोको बटर. ते सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकतं. पहिली चार रूपं अस्थिर, कमी तापमानाला वितळणारी आणि सैल रचनेची. पाचवं रूप आपल्याला हवं असतं: घट्ट रचना, साधारण ३३-३४ अंशांना वितळणं, म्हणजे खोलीत टिकेल आणि तोंडात विरघळेल. ही घट्ट रचना कमी जागा व्यापते, म्हणून चॉकलेट आकसतं. चमक, मोडताना येणारा कडक आवाज आणि साच्यातून सुटणं, ही तिन्ही या एकाच गोष्टीची फळं आहेत.

वितळवून तसंच गोठू दिलं तर अस्थिर स्फटिकांची खिचडी तयार होते. ती साच्याला चिकटते, आणि काही दिवसांत वर राखाडी पट्टे येतात. हे टाळण्यासाठी तापमान वर-खाली नेऊन पाचव्या रूपाची बीजं तयार करायची, यालाच टेम्परिंग म्हणतात. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत पूर्ण वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ पर्यंत चढवून त्या तापमानाला ओतायचं. मिल्क चॉकलेटला ओतताना २९-३०, व्हाइटला २८-२९. एखाद-दोन अंश जास्त झाले तरी बीजं वितळून जातात आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरं वनस्पतिजन्य स्निग्ध असतं, बहुतेकदा पाम कर्नेलचं हायड्रोजनेटेड तेल. ते सरळ एकाच रूपात गोठतं आणि आकसतंही छान. म्हणून काकूंचे मोदक टेम्परिंगशिवाय टुणकन निघतात. पाकिटामागची घटकांची यादी वाचली की कोणतं काय ते लगेच कळतं.

रानजाई
किती छान समजावून सांगितलंत! मग निम्मं कंपाउंड आणि निम्मं खरं चॉकलेट एकत्र केलं तर? चवही येईल आणि टेम्परिंगही टळेल.

मुठाकाठ
असं मुळीच करू नका. पाम कर्नेलचं स्निग्ध आणि कोको बटर एकमेकांच्या स्फटिकरचनेत बसत नाहीत. मिश्रण दोघांपेक्षाही मऊ होतं, नीट गोठत नाही, लवकर पांढरं पडतं. कंपाउंडच्या पातेल्यात थोडंफार खरं चॉकलेट राहिलेलं चालून जाईल, पण निम्मं-निम्मं नाही. भांडी आणि साचेही एकातून दुसऱ्यात जाताना पुसून घ्या.

गेंटकर
वाचनखूण साठवली. मी बेल्जियममध्ये राहते. इथे डिसेंबरच्या सुरुवातीला संत निकोलासच्या चॉकलेटच्या मूर्ती आणि ईस्टरला अंडी, ससे, कोंबड्या यांनी दुकानं भरलेली असतात. सगळं साच्यातलं आणि बहुतेक आतून पोकळ. गावातल्या एका चॉकलेटवाल्याकडे मी काही महिने मदतीला जायचे, त्यामुळे साच्यांबद्दल थोडं लिहिते.

चॉकलेट आधी पेयच होतं. साच्यात ओतून घट्ट वडी करायची पद्धत मार्गी लागली ती १८४७ मध्ये, ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने कोको पावडर, साखर आणि वितळलेलं कोको बटर एकत्र करून ओतता येईल असा लगदा केला तेव्हा. साचे बनवणारे कारागीर त्याआधीपासून होते. पॅरिसमध्ये लेतांग यांचा कारखाना १८३२ चा. जर्मनीत ड्रेस्डेनला अँटोन रायखे यांचा नंतरचा, १८७० चा. हे साचे धातूचे, कथिलाचा मुलामा दिलेले. त्यातले कितीतरी आज संग्रहालयांत आणि जुन्या बाजारात दिसतात. सशाच्या अंगावरचा एकेक केस त्यात कोरलेला असतो. १९१२ मध्ये ब्रसेल्सच्या नॉयहाउस यांनी चॉकलेटचं कवच करून आत मऊ सारण भरायला सुरुवात केली. तुम्ही गुलकंद भरायचं म्हणताय तो याच घराण्यातला प्रकार.

आता कामाचं. पोकळ आकृतीसाठी साच्याचे दोन अर्धे भाग चिमट्यांनी जोडतात, चॉकलेट काठोकाठ ओततात, ठोकून हवा काढतात आणि साचा उलटा करून जास्तीचं परत भांड्यात ओततात. भिंतीला चिकटून राहतं ते कवच. खूप पातळ वाटलं तर पुन्हा एक थर. उकडीच्या मोदकासारखा सगळीकडून गोल हवा असेल तर हीच रीत. पण तुम्हाला १५१ करायचेत, तर बूड सपाट असलेला, एका बाजूने उघडा साचा घ्या.

वेलदोडा
गेंटकर, फार सुंदर माहिती. रानजाई, साच्याच्या आकारात एक गोष्ट नीट बघून घे. मोदक बुडाशी सर्वांत रुंद असेल आणि टोकाकडे निमुळता होत गेला असेल, तर तो कडक साच्यातूनही सरळ खाली पडतो. पण पोट फुगलेलं आणि बूड आत घेतलेलं असेल, तर कडक साच्यातून तो निघणारच नाही, साचा वाकावाच लागेल. तिथे सिलिकॉन किंवा दोन भागांचा साचाच हवा.

कळ्या खोल असल्या तरी चिंता नको, त्या वरून खाली सरळ जातात.

पातळ प्लास्टिकचे साचे स्वस्त असतात, चमकही बरी देतात, पण वाकवून वाकवून लवकर तडकतात आणि तडकलेल्या जागेची रेघ प्रत्येक मोदकावर येते. एकदाच्या कामाला चालतील. दर वर्षी करणार असशील तर पॉलिकार्बोनेट घे, नीट सांभाळलास तर वर्षानुवर्षं जाईल.

कोकणकडा
मोदकाचं टोक! त्याबद्दल कोणीच बोललं नाही. साचा उलटा असतो, म्हणजे टोक सर्वांत तळाशी. चॉकलेट जाडसर असतं, वरून ओतलं की टोकात हवेचा बुडबुडा अडकतो आणि मोदक नाक चेपल्यासारखा निघतो. मी आधी बारीक ब्रशने प्रत्येक कप्प्याच्या टोकात आणि कळ्यांमध्ये चॉकलेट भरून घेतो, मग ओततो. ब्रश नवा आणि फक्त याच कामाचा ठेवायचा. ओतून झाल्यावर साचा ओट्यावर आपट-आपट आपटायचा, वर येणारे बुडबुडे फुटेपर्यंत. सिलिकॉनचा असेल तर खाली ताट ठेवून ताटासकट, कारण तो हातात लवलव करतो. ओतायच्या आधीच ताटात ठेवा, नंतर उचलायला गेलात तर सांडलंच.

रानजाई
कोकणकडा, ही युक्ती लाखमोलाची आहे. ब्रश आजच यादीत लिहिला.

नागपूरकर
ताई, एसी नसलेल्या खोलीत खऱ्या चॉकलेटच्या भानगडीत पडू नका हो. हवाच ३०-३१ अंश असेल तर ३१ ला ओतलेलं चॉकलेट गोठेल कसं? आमच्याकडे मे महिन्यात तर चॉकलेट कपाटातच वितळते. मी काम करतो तेव्हा खोली २०-२२ अंशांवर आणून, अर्धा तास थांबून मग सुरुवात करतो, म्हणजे साचा, ओटा, भांडी सगळं त्या तापमानाला येतं.

आणि मंडपाचं पाहा. फोकस लाइट, समई, निरांजन, माणसांची गर्दी. ३३-३४ ला वितळणारं चॉकलेट आरती संपेपर्यंत ताटात तग धरत नाही. वाटायच्या प्रसादाला कंपाउंडच घ्या.

मुठाकाठ
नागपूरकरांशी पूर्ण सहमत. शिवाय दमट हवेचा प्रश्न वेगळाच. थंड साच्यावर किंवा थंड मोदकावर बाष्प जमलं की वरची साखर त्या ओलाव्यात विरघळते, पाणी उडून गेल्यावर खरखरीत पांढरा थर उरतो. स्निग्धाचा थर वेगळा असतो, त्याचे राखाडी पट्टे-डाग दिसतात. ओळखायचं कसं? बोट फिरवा. स्निग्धाचा असेल तर बोटाच्या उबेने पुसला जातो, साखरेचा असेल तर खरखर लागते. दोन्ही खायला निर्धोक आहेत, पण नैवेद्याच्या ताटात कोणाला आवडणार?

फ्रिजबद्दल थोडं अधिक. टेम्पर केलेलं चॉकलेट गोठताना स्वतः उष्णता बाहेर टाकतं. साचा भरलेला असेल तर ती आतच कोंडते आणि मध्यभागी पुन्हा बिघाड होतो. म्हणून दहा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवणं चांगलंच, पण फार गार जागी नको; घरच्या फ्रिजमध्ये त्यातल्या त्यात कमी गार असलेल्या भाजीच्या कप्प्याजवळ. डीप फ्रीझरमध्ये अजिबात नाही.

शेवंती
पाण्याचं मीही सांगते. वितळवताना एक थेंब जरी पडला ना, तरी चॉकलेट रवाळ गोळा होऊन बसतं. वाफसुद्धा नको. पातेल्यापेक्षा वरचं भांडं मोठं घ्यावं, म्हणजे वाफ कडेने वर येत नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करून मग वर भांडं ठेवावं. लाकडी डाव वापरू नये, त्यात ओल राहते.

वेलदोडा
काकूंचा हा प्रतिसाद सगळ्यांनी लिहून ठेवा. अशा गोळा झालेल्या चॉकलेटमध्ये गरम दूध किंवा क्रीम घालून सॉस करता येतो, साच्यात मात्र ते पुन्हा जात नाही.

मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या पॉवरवर तीस-तीस सेकंद, दर वेळी ढवळून. काही तुकडे शिल्लक असतानाच थांबायचं, बाकीचे ढवळताना वितळतात.

रंगाचंही असंच. केकचे पाण्यात कालवलेले रंग चॉकलेटला चालत नाहीत. तेलात किंवा कोको बटरमध्ये मिसळणारे रंग वेगळे मिळतात, तेच घ्यायचे.

अळूवडी
मध्येच विचारते. मी कोको पावडर, पिठीसाखर आणि खोबरेल तेल एकत्र करून चॉकलेट करते. ते या साच्यात चालेल का? मुलांना बाहेरचं द्यायचं नाही म्हणून विचारतेय.

मुठाकाठ
अळूवडी, साच्यात ओतता येईल आणि फ्रिजमध्ये घट्टही होईल, पण बाहेर टिकणार नाही. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं. थंडीत बाटलीतलं तेल थिजतं आणि एरवी पातळ असतं, ते याचमुळे. फ्रिजमधून काढून लगेच खायचं असेल तर जरूर करा.

दुसरं म्हणजे जिभेला कचकच लागेल. कारखान्यात साखर आणि कोको इतके बारीक दळतात की कण साधारण २० मायक्रॉनच्या आसपास येतात, ३० च्या वर गेले की जीभ ते ओळखते. मिक्सरमधली पिठीसाखर त्यापेक्षा बरीच जाड असते. घरी तितकं बारीक करायचं तर दगडी ग्राइंडरमध्ये कित्येक तास फिरवावं लागतं. कोइंबतूरला इडली-डोशाच्या पिठासाठी बनणारे टेबलटॉप ग्राइंडर यासाठी इतके उपयोगी पडले, की त्यातूनच चॉकलेटसाठी खास यंत्रं निघाली. अमेरिकेतले घरगुती आणि छोटे चॉकलेटवालेही ती वापरतात.

अळूवडी
धन्यवाद, मग फ्रिजपुरतंच ठेवते.

कोकणकडा
कोकोचा विषय निघालाय म्हणून: आपल्या देशात कोको पिकतो तो मुख्यतः आंध्र, केरळ, कर्नाटक आणि तामिळनाडूत, नारळ-सुपारीच्या सावलीत. मंगळुरूच्या कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना आहे, १९८६ पासूनचा. नैवेद्याला खरं चॉकलेट घेणार असाल तर आपल्याकडच्या बियांचं घ्या, अशी माझी मनापासून विनंती. दक्षिणेतले काही लहान उत्पादक बी ते वडी सगळं स्वतः करतात, त्यांची चव फार वेगळी आणि फळांसारखी आंबटसर असते.

रानजाई
आता माझं ठरत आलंय. वाटायचे १५१ कंपाउंडचे, आणि बाप्पापुढे ठेवायचे २१ खऱ्या डार्क चॉकलेटचे, गुलकंद भरून. बेडरूममध्ये एसी आहे, तिथे टेबल लावून २१ करीन. वेलदोडा, या २१ ची कृती सविस्तर सांगशील? थर्मामीटर आहे माझ्याकडे. आणि कंपाउंड किती लागेल, हे कसं काढायचं?

वेलदोडा
आधी हिशोब. साच्याचा एक कप्पा पाण्याने काठोकाठ भर आणि ते पाणी वजन कर. आलेल्या आकड्याच्या सव्वापट चॉकलेट लागेल. पाणी ८ ग्रॅम भरलं तर मोदक १० ग्रॅमचा, म्हणजे १५१ ला दीड किलो, आणि भांड्याला-चमच्याला लागतं म्हणून वर पाव किलो. नंतर तो साचा पुसून, पंख्याखाली पूर्ण वाळवून मगच वापर.

आता २१ मोदक. पॉलिकार्बोनेटचा साचा कापसाने गोल-गोल फिरवत प्रत्येक कप्पा पूस. टोकापर्यंत कापूस पोचत नाही, तिथे काडीला गुंडाळून घे. याने खरंच चमक वाढते. साचा फार गार नको, खोलीच्या तापमानाला असू दे. गार साच्याला चॉकलेट टेकलं की त्या जागी ते एकदम गोठतं आणि डाग दिसतो.

चॉकलेटची बटणं किंवा बारीक चिरलेला चुरा घे. दोन भाग ४५ अंशांपर्यंत वितळव, खाली उतरव आणि तिसरा भाग थोडा-थोडा घालत ढवळत राहा. न वितळलेलं चॉकलेट मुळातच टेम्पर केलेलं असतं, त्यातली पाचव्या रूपाची बीजं सगळ्या मिश्रणात पसरतात. ३२ पर्यंत उतरलं की थांब. बटर पेपरची पट्टी त्यात बुडवून बाजूला ठेव. पाच मिनिटांत कडा घट्ट आणि चमकदार झाल्या तर तयार. पट्टी ओलसर किंवा पट्टेदार दिसली तर अजून ढवळ, अर्धा अंश उतरू दे आणि पुन्हा बघ.

मग कोकणकड्याची ब्रशची युक्ती, कप्पे भरणं, ठोकणं. साचा भांड्यावर उलटा कर आणि उलटा असतानाच कडेवर टकटक कर, जास्तीचं चॉकलेट खाली पडेल. पालथ्या सुरीने किंवा पातळ स्टीलच्या पट्टीने वरचं सपाट खरवडून घे. हे चॉकलेट अर्धवट मऊ असतानाच करायचं, नंतर कडा तुकड्या-तुकड्यांनी उडतात.

कवच घट्ट झालं की सारण. काठापासून दोन मिलिमीटर जागा रिकामी ठेवायचीच. मग वरून चॉकलेटचं झाकण, पुन्हा खरवडणं, आणि पंधरा मिनिटं फ्रिज.

सुटलं की नाही हे कसं कळतं? साचा उचलून खालच्या बाजूने, प्रकाशाकडे धरून बघ. जिथे अजून चिकटलेलं आहे तिथे चॉकलेट ओलं, गडद काळं दिसतं. आकसून सुटलं की मधे हवेचा पापुद्रा येतो आणि तो भाग करडा, किंचित रुपेरी दिसायला लागतो. आधी कडांना दिसतो, मग हळूहळू टोकाकडे सरकतो. एकही काळा ठिपका उरला नाही की जाड कापडावर साचा उलटा करून हलकेच ठोक. सगळे एकदम पडतात. काळा ठिपका असताना ठोकलंस तर टोकं आत राहतील. तेव्हा आणखी पाच-दहा मिनिटं थांब.

रानजाई
हे तर मी छापून फ्रिजवर लावणार आहे. खूप खूप आभार!

गेंटकर
वेलदोडाने सांगितलंय त्यात एक छोटी भर. युरोपात कुव्हर्चर, म्हणजे साच्याच्या आणि कवचाच्या कामाचं चॉकलेट, म्हणवून घ्यायला चॉकलेटमध्ये किमान ३१ टक्के कोको बटर लागतं, म्हणून ते पातळ वाहतं आणि कवच नाजूक येतं. कॅलेबॉ या बेल्जियन कंपनीच्या पिशवीवर थेंबांची खूण असते, जितके थेंब जास्त तितकं चॉकलेट प्रवाही. साच्याच्या कामाला तीन थेंबांचं छान. खायच्या साध्या बारमध्ये कोको बटर अनेकदा कमी असतं, ते कळ्यांमध्ये नीट उतरत नाही.

कोकणकडा
गुलकंदाबद्दल. बाटलीतला तसाच भरू नका. त्यातला पाक कवचातून झिरपतो आणि मोदकाच्या बुडाशी चिकट थेंब येतात. मंद आचेवर परतून आटवा, गार करा आणि बदामाची पूड घालून गोळी वळेल इतका घट्ट करा. आंबापोळीचे बारीक तुकडेही फार छान लागतात. आंब्याचा रस मात्र नको, त्यात पाणी भरपूर आणि टिकत नाही. क्रीम घातलेलं सारण केलंत तर तेही फ्रिजमध्येच ठेवून चार-पाच दिवसांत संपवावं.

शेवंती
नैवेद्याचं आहे तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घे गं. आणि इसेन्स घालणार असशील तर त्यात अल्कोहोल नाही ना, तेही बघ. आमच्याकडे सासूबाईंना ते चालत नसे, म्हणून मी वेलची-जायफळाची पूडच घालते. वेलदोडा, मी काल तूप न लावता करून पाहिले. खरंच फरक आहे, कळ्या अगदी रेखीव आल्या.

वेलदोडा
वा काकू! फोटो टाका ना.

साचे धुण्याबद्दल राहिलं. दर वेळी धुवायची गरज नसते. सगळं स्वच्छ सुटलं असेल तर भिंतीवर कोको बटरचा जो अतिपातळ थर राहतो, तो पुढच्या खेपेला चमकच देतो. नुसतं कापसाने पुसून पुढचं ओतायचं. धुवायचेच असतील तर कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ फडकं. घासणी, काथ्या, ब्रश, काही नको. एक ओरखडा पडला की तो कायमचा. पाणी जड असेल तर वाळताना डाग पडतात, लगेच पुसून घ्यायचं. सिलिकॉनच्या साच्यात मसाल्याचे, कांद्या-लसणाचे वास बसतात, ते चॉकलेटपुरतेच वेगळे ठेवावेत.

रानजाई
शेवटचा प्रश्न. सगळे मोदक आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि संध्याकाळी मंडपात न्यायचे आहेत. बाहेर काढल्यावर त्यांना घाम सुटू नये म्हणून काय करू?

नागपूरकर
ताई, हवाबंद डब्यात एकेक थर, मधे बटर पेपर, असे भरा आणि झाकण घट्ट लावूनच फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही. बाष्प डब्याच्या बाहेरच्या बाजूला जमू द्या, आतले मोदक हळूहळू खोलीच्या तापमानाला येतील. कंपाउंडच्या डब्यांना अर्धा-पाऊण तास पुरेल. २१ मोदकांचा डबा एसीच्या खोलीतच उघडून ताट तिथेच मांडा, आणि आरती सुरू व्हायच्या वेळी नेऊन समईपासून लांबच्या बाजूला ठेवा. दूर न्यायचे असते तर थर्माकोलची पेटी आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेले जेल पॅक सांगितले असते, पण तुम्हाला तर लिफ्टने खालीच उतरायचं आहे.